वहीची जागा घेणारा फोन : प्रस्तावना

मीरा रोड किंवा भाईंदरच्या मराठी घरात कामांची खरी नोंद अजूनही स्वयंपाकघराच्या भिंतीवर सापडते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकटींत दुधाचे खाडे असतात, गॅस लावल्याची तारीख असते, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या, विम्याचा हप्ता, पालकसभा, सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ, सगळे तिथेच असते. पद्धत उत्तम आहे. महिना एका नजरेत दिसतो, घरातल्या प्रत्येकाला दिसतो आणि लिहायला एक पेन्सिल पुरते. अडचण एवढीच, की घरातली कमावती माणसे दिवसाचे बारा तास त्या भिंतीपासून लांब असतात.

चर्चगेटपासून भाईंदर सुमारे ४३ किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी एका बाजूचा तास गाडीतच जातो, त्याआधी घर ते स्टेशन रिक्षा किंवा बस. १९८५ साली नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहरात २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ माणसे मोजली गेली. त्यांतली मोठी संख्या पोटापाण्यासाठी रोज दहिसरच्या पलीकडे जाते. अंधेरीच्या ऑफिसात बसलेल्या बाईंना दातांच्या दवाखान्यातून फोन येतो, “शनिवारी साडेपाचला चालेल का?” आणि उत्तर भाईंदरच्या भिंतीवर टांगलेले असते. फोनने वहीचेही काम करावे, ही गरज इथून सुरू होते.

हे छोटे पुस्तक त्या गरजेसाठी लिहिले आहे. फोन घेताना सहसा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, हप्ता किती बसेल, हे विचारले जाते. कॅलेंडर, गजर, नोंदवही आणि पत्ते यांबद्दल दुकानात कोणी तोंड उघडत नाही, कारण ते प्रत्येक फोनमध्ये असतातच. असतात हे खरे, पण सारखे नसतात. जो माणूस औषधाची वेळ, उधारीचा वायदा, मुलीच्या परीक्षेची तारीख फोनवर सोपवतो, त्याला हा फरक महागात पडतो. नोंद चटकन लिहून घेणे, वेळेवर हाक मारणे आणि फोन बदलला तरी नोंद सुखरूप पुढे नेणे, ही वहीच्या फोनची कामे. या कामांना जो उतरतो तो फोन घ्यावा आणि बाकीचे गुण त्यानंतर मोजावेत, असे या पुस्तकाचे स्पष्ट म्हणणे आहे.

चटकन लिहिता येण्याचे महत्त्व किती, हे पाम कंपनीच्या गोष्टीत दिसते. ॲपलचे जॉन स्कली यांनी १९९२ च्या जानेवारीत ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हे नाव जगापुढे ठेवले आणि पुढच्या वर्षी न्यूटन मेसेजपॅड बाजारात आला. तो हस्ताक्षर वाचणार होता, पण पहिल्या आवृत्तीत भलतेच शब्द वाचू लागला आणि त्याची थट्टा झाली. १९९८ मध्ये ॲपलने तो बंदच केला. न्यूटन अजून बाजारात असतानाच पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी आपल्या नियोजित यंत्राच्या मापाचा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात घालून हिंडू लागले. कोणी भेटीची वेळ मागितली, की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिचक्या मारून नोंद केल्यासारखे करायचे. यंत्र बनण्यापूर्वीच त्यांना कळले, की खिशातून काढणे जड झाले किंवा चार पायऱ्या चढून नोंद करावी लागली तर माणूस कागदाकडे परत जातो. १९९६ मध्ये आलेल्या पायलटची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती आणि तो पेन्सिल सेलच्या दोन छोट्या भावंडांवर आठवडेच्या आठवडे चालायचा. पण बटण दाबताक्षणी आजचा दिवस समोर यायचा. तो खपला तो यामुळे.

फोन आणि वही यांचे लग्न लावण्याचे प्रयत्नही त्याच वर्षांतले. आयबीएमचा सायमन ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्यात कॅलेंडर, पत्ते, टिपणवही, फॅक्स असे सगळे होते, वजन अर्ध्या किलोच्या पुढे आणि बोलत राहिले तर बॅटरी तासाभरात आटोपायची. १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर पुस्तकासारखा उघडायचा, आत पूर्ण कीबोर्ड होता आणि वजन ३९७ ग्रॅम. खिशात ठेवायची वस्तू ती नव्हतीच.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. मुंबईतही त्याच वर्षी सेवा सुरू झाली, पण आलेल्या कॉलचेही पैसे पडत, त्यामुळे फोन बराच काळ मोजक्या लोकांच्याच हातात राहिला. बाकीच्यांच्या खिशात पेजर, आणि जरा बरी नोकरी असेल तर कॅसिओची डिजिटल डायरी. दुबईहून आलेला मामा ती आणायचा. फोन नंबर साठवता येत, गजर लागे आणि पासवर्ड घालून पाने झाकता येत. मात्र आतला मुख्य सेल आणि बटण सेल दोन्ही एकाच वेळी काढले, की साठवलेले सगळे पुसले जाई. वर्षानुवर्षे जमवलेले नंबर सेल बदलताना गेल्याचे दुःख त्या पिढीतल्या अनेकांनी भोगले आहे. आज सेलची जागा तुटलेल्या स्क्रीनने आणि विसरलेल्या पासवर्डने घेतली आहे, नुकसान तेच.

भारतीय माणसासाठी असे यंत्र इथेच घडवण्याचा एक प्रयत्नही झाला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोअर सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांनी मिळून सिम्प्युटर उभा केला. भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारे ते हातात मावणारे यंत्र २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने विक्रीला आले. अपेक्षेइतके खपले नाही आणि लवकरच फोनच सगळे करू लागले. तरी यंत्राने आपली भाषा बोलावी हा त्यामागचा आग्रह रास्त होता, आणि फोन निवडताना तो सोडू नये.

२००३ पासून इनकमिंग फुकट झाले आणि फोन रिक्षावाल्यापासून मच्छीवाल्या मावशींपर्यंत पोचला. त्यानंतरचा प्रवास वाचकांच्या आठवणीतला आहे: २००४ मध्ये ब्लॅकबेरी, ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन, २००९ मध्ये अँड्रॉइड.

आता मीरा-भाईंदरच्या रोजच्या नोंदींकडे वळू. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. असा कारखाना चालवणाऱ्या मालकाला दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायचे असते. ही नोंद एकदा करून ‘दर महिन्याला’ एवढे निवडले, की काम झाले. गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीचा हिशेब थोडा वेगळा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी लागायला हवी. त्यामुळे सभेच्या दिवशी वाजणारी आठवण त्याच्या उपयोगाची नाही. नोंद एकच आणि तिला महिनाभर आधी एक, वीस दिवस आधी एक अशा दोन हाका लावता याव्यात. हे ज्या कॅलेंडरला जमत नाही, ते सेक्रेटरीने घेऊ नये. शहराचे पाणी स्टेम आणि एमआयडीसी या दोन स्रोतांतून येते. दुरुस्तीसाठी शटडाऊन जाहीर झाला, की मेसेज येतो आणि दहा मिनिटांत दुसऱ्या मेसेजांखाली गाडला जातो. आलेल्या मेसेजवरून थेट कॅलेंडरात नोंद होते का, हे दुकानात उभ्या उभ्या बघता येते आणि जरूर बघावे.

उत्तनच्या बाजूला गेले, की कॅलेंडरचीच परीक्षा होते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढायची जुनी रीत आहे: तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. नवमीला पावणेसात. होडी कधी काढायची, कधी लावायची, सगळे यावर चालते. फोनचे कॅलेंडर मात्र इंग्रजी तारखेने चालते. ‘दरवर्षी’ हा पर्याय वाढदिवसाला बरोबर लागू पडतो, पण आजोबांच्या श्राद्धाची तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते आणि तिथे तो चुकीची आठवण देतो. ज्यांचे आयुष्य तिथीला बांधलेले आहे त्यांनी पंचांग दाखवणारे ॲप वेगळे घ्यावे आणि दिवाळीनंतर नवे कालनिर्णय आले, की एका बैठकीत वर्षाच्या तिथ्या फोनमध्ये उतरवाव्यात. दुसरा खात्रीचा मार्ग सध्या नाही.

लिहिण्याच्या बाजूने मराठी माणसाची सोय आता बरीच झाली आहे. फोनमध्ये भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत असे भारतीय मानक ब्यूरोचे २०१६ चे मानक सांगते. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड तयार झाला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडी उमलते. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली. प्लॅटफॉर्मवर उभे राहून “गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सोसायटीची मीटिंग” असे बोलले आणि नोंद बरोबर उमटली, तर फोन पहिल्या परीक्षेत पास. गोंगाटात कसा उमटतो हेच बघायचे, शांत दुकानात सगळेच फोन हुशार असतात.

नंबर कुठे साठतो, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि तिकडेच दुर्लक्ष होते. नवा नंबर ‘सेव्ह’ करताना फोन विचारतो: सिम, फोन की खाते? घाईत बोट कशावरही पडते. सिम कार्डावर नाव आणि नंबर एवढेच मावते, पत्ता नाही, टीप नाही. त्यातही नावाला जागा तोकडी, आणि देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या दुप्पट जागा खाते. त्यामुळे सिमवर ‘कल्पना मावशी भाईंदर’ लिहिले, की नाव अर्ध्यातच तुटते आणि यादीत दोन कल्पना मावशी दिसू लागतात. याच कारणाने एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीची ७०. नंबर नेहमी खात्यावर साठवावा, आणि घरात एक लिपी ठरवून टाकावी. अर्धे कुलकर्णी इंग्रजीत आणि अर्धे मराठीत असले, की गरजेच्या वेळी शोधून सापडत नाहीत.

आता हाक मारण्याचे काम. इथे आजचे महागडे फोनही जुन्या साध्या फोनपुढे कमी पडू शकतात. नोकियाचे जुने फोन बंद करून ठेवले तरी सकाळी गजर वाजवत. आजचे बहुतेक स्मार्टफोन बंद असले, की गप्पच राहतात. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून, न वापरलेल्या ॲपना झोपवण्याची व्यवस्था आली आणि काही कंपन्यांनी त्यावर आपली कडक कात्री लावली. आठवण देणारे ॲपच झोपले तर आठवण उशिरा येते किंवा येतच नाही. अँड्रॉइड १२ पासून ठरल्या मिनिटाला वाजण्यासाठी ॲपला वेगळी परवानगीही द्यावी लागते. दुकानदाराला हे सहसा ठाऊक नसते. म्हणून फोन घेतल्यावर पहिल्या दिवशीच दोन तासांनंतरची आठवण लावावी, ॲप सरकवून बंद करावे, स्क्रीन विझवावी आणि फोन बॅगेत टाकून द्यावा. मिनिटाला वाजला तर ठीक. नाही वाजला तर सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचे बॅटरीचे बंधन काढावे आणि पुन्हा बघावे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. फोन सायलेंटवर टाकला, की कॅलेंडरची आठवण मुकाट येऊन पडते. घड्याळातला गजर मात्र बहुतेक फोनवर तरीही वाजतो. साखरेची गोळी, इन्सुलिन, झोपलेल्या बाळाचे औषध यांसाठी गजरच लावावा. लाइट बिलाला कॅलेंडर पुरे.

नोंद पुढे नेण्याचे काम फोन घेताना कोणालाच आठवत नाही, कारण नवा फोन हातात असताना तो जुना होईल हे मनात येत नाही. पामचा पसारा २०११ मध्ये एचपीने गुंडाळला. एके काळी ऑफिसात मानाने मिरवलेल्या ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. ज्यांनी आपले पत्ते आणि भेटी सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून ठेवल्या होत्या, त्यांचे काही अडले नाही. ती स्वरूपे आजही तीच आहेत: पत्त्यांसाठी व्हीसीएफ, कॅलेंडरासाठी आयसीएस. नोंदवहीचे ॲप निवडताना एकच प्रश्न विचारावा, यातली सगळी टिपणे एका झटक्यात बाहेर काढता येतात का? येत नसतील तर ते ॲप कितीही देखणे असो, त्यात घरखर्चाचा हिशेब ठेवू नये. फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार हेही इथेच विचारायचे. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या फोनना सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनना ते बरेच कमी असते. वहीचा फोन दरवर्षी बदलायचा नसतो, त्यामुळे जास्त वर्षांसाठी थोडे जास्त पैसे मोजणे योग्यच.

नेट नसताना काय, याचे उत्तर मुंबईकरांना २६ जुलै २००५ ने दिले आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या, मोबाइलचे जाळे कोलमडले आणि हजारो माणसे रुळांवरून चालत निघाली. त्या रात्री ज्याच्या पाकिटात कागदावर चार नंबर होते, त्याला एसटीडी बूथवरून घरी फोन करता आला. आज बूथही उरले नाहीत. म्हणून दुकानात फोन विमान मोडवर टाकून कॅलेंडर, पत्ते आणि टिपणे उघडून बघावीत. उघडली पाहिजेत. आणि चार नंबरांचा तो कागद पाकिटात आजही असू द्यावा, फोन कितीही चांगला असला तरी.

लोकलच्या दाराशी उभ्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून फोन उडवणाऱ्या ‘फटका’ टोळ्यांचा या मार्गाला जुना ताप आहे. वही झालेला फोन गेला, की नुसती वस्तू जात नाही, त्यात घरच्यांची नावे, खात्याचे नंबर, कुठे कधी कोण असते हे सगळे जाते. ‘एटीएम काका’ नावाने पिन साठवणाऱ्यांनी ती सवय आजच सोडावी, ही युक्ती चोराला पाठ असते. बंद स्क्रीनवर आठवणींचा मजकूर दिसू नये अशी सोय करावी, पण आपत्कालीन संपर्क आणि रक्तगट मात्र तिथे भरून ठेवावा. रेल्वे अपघातात अनोळखी माणसाला घरी कळवण्याचा तो एक मार्ग आहे. *#०६# दाबले, की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. तो घरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावा. फोन गेला तर पोलिसांत तक्रार करून ‘संचार साथी’ पोर्टलवरून याच आकड्याने तो बंद पाडता येतो, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा.

पुढच्या प्रकरणांत हे सगळे सविस्तर येईल: गर्दीत एका हाताने चालवण्याजोगा आकार, पावसात ओल्या बोटाने चालणारी स्क्रीन, बॅटरी, वयस्कर वाचकांसाठी मोठी अक्षरे, कुटुंबाचे सामाईक कॅलेंडर. ज्यांना एवढ्याची गरज नाही त्यांच्यासाठी बटणांच्या साध्या फोनवरही एक प्रकरण आहे, कारण दहा-बारा आठवणी आणि शंभरेक नंबर सांभाळायला तो पुरतो आणि त्याचे चार्जिंग दिवसच्या दिवस टिकते.

शेवटचे प्रकरण जुन्या फोनचे. तो बहुतेक घरांत मुलाकडे किंवा आईकडे जातो, नाहीतर दुकानात बदली दिला जातो. त्याआधी नव्या फोनवर पत्ते, कॅलेंडर आणि टिपणे उघडून आठवडाभर वापरून बघावीत आणि मगच जुन्यातले पुसावे. पुसण्यापूर्वी त्यातले खाते काढून टाकणे विसरू नये. अँड्रॉइडला २०१५ पासून असे कुलूप आहे, की फोन परस्पर पुसून काढला तरी तो आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो. आईच्या हातात गेलेला फोन सुरूच होत नाही, मुलगा तिकडे लोअर परळला ऑफिसात असतो आणि तो पासवर्ड जुन्याच फोनच्या टिपणवहीत राहिलेला असतो.